लोखंड वर येऊ दे

आई, तुझ्या नातीचं रक्त वाढलं! आठ पॉइंट चार होतं, आज दहा पॉइंट तीन निघालं. रिपोर्ट मी तीनदा वाचला, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला, आणि तिथं लॅबच्या पायरीवर उभी असतानाच वाटलं, हे सगळ्यात आधी तुला सांगायला हवं. तुझ्या जावयांना फोन नंतर केला. तुला जाऊन अठरा वर्षं झाली, पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते मला ठाऊक नाही, आणि तू होतीस तेव्हाही आलेलं पत्र तुला वाचून दाखवायला मीच लागायचे. तरी लिहिते. घरी आल्यापासून दोनदा चहा टाकला आणि दोन्ही वेळा तो ओट्यावर गार झाला. पन्नाशी उलटलेली बाई घरभर अशी भिरभिरत फिरते म्हणून तुझे जावई हसताहेत. हसू देत.

नात तुला आठवत असेल ती आठ वर्षांची, तुझ्या हातगाडीखाली बसून घडातलं सगळ्यात बारकं केळं शोधणारी. ती आता केडगावला सासरी असते, तिला सातवा महिना लागलाय. आणि मी नगरच्या एका दवाखान्यात आहार सांगायचं काम करते, म्हणजे कोणी काय खावं, काय टाळावं, हे दिवसभर बोलत असते. एस.टी.च्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, कंडक्टर मात्र अजून 'नगर, नगर' असाच ओरडतो, म्हणून मीही तेच लिहिलं. तर सांगायचं हे, की पोरीचं रक्त वाढलं आणि त्यात सफरचंदाचा हात आहे. हे वाक्य मी लिहितेय, मी! तू असतीस तर कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिली असतीस.

श्रीरामपूरला दवाखान्याच्या फाटकासमोर तुझी गाडी. सकाळी पहिल्या एस.टी.च्या आधी तू पेटी फोडतेस. पातळ फळ्यांची लाकडी पेटी, आत पेंढा, पेंढ्यात एकेक सफरचंद कागदात गुंडाळलेलं. खिळा निघाला की जो वास सुटायचा, तो अजून कुठं आला की माझी पावलं थांबतात. तुझं पहिलं फळ विकायचं नसे, कापायचं असे. उभ्या दोन फाकी करायच्या, त्यातली एक गिऱ्हाइकाला दिसेल अशी पुढं उघडी ठेवायची आणि दहा वाजेपर्यंत तिला हात लावायचा नाही. दहाला भेटायची वेळ सुरू झाली, फाटकाशी माणसं जमली, की तू दुसरं सफरचंद कापतेस आणि दोन्ही फाकी शेजारी शेजारी धरतेस, एक पांढरीशुभ्र, एक तपकिरी. "ही आत्ताची, ही सकाळची. काय दिसतंय? लोखंड! हवा लागली की वर येतंय. ज्याच्या अंगात रक्त न्हाई त्याला द्या. रक्त वाढतं, पोट साफ हुतं, दात बळकट, झोप गाढ! घ्या!" काय आवाज होता गं तुझा. आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं जायचं नाही आणि न्यायचं तर सफरचंदच न्यायचं, ही आपल्याकडची रीत. पण का न्यायचं, ते लोकांना तुझ्या गाडीवर कळायचं. आजाऱ्याला चावत नाही म्हणून कोणी सफरचंदं परत आणली तर तू केळी बदलून द्यायचीस आणि पुढचे चार दिवस त्या माणसाची चौकशी करायचीस. आणि ती सकाळची तपकिरी फाक माझी असायची. "तू फिकी पडलीयास, खा." मी वर्षानुवर्षं वातड सफरचंद खाल्लं. सफरचंद कुरकुरीत असतं हे मला कॉलेजात मैत्रिणीच्या डब्यात कळलं.

कॉलेजात आणखीही एक गोष्ट कळली. गृहविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला होते, अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली. पुस्तकात लिहिलं होतं की कापलेलं सफरचंद काळं पडतं ते लोखंडामुळं नाही. फळातलाच एक पदार्थ हवेशी मिळून तो रंग धरतो, आणि सफरचंदात लोह असतं ते अगदी नावापुरतं. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले आणि तुझ्या मदतीला गाडीवर उभी राहिले. त्या दिवशी खेड्यातून एक माणूस आला होता. बायको बाळंत झालेली, रक्त कमी, तोंड सुकलेलं. तू त्याच्या हातात तपकिरी फाक दिलीस आणि तो ती उन्हाकडं धरून लोखंड बघत होता. मी म्हणाले, "आई, ते लोखंड नसतं. उगाच लोकांना फसवू नकोस." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. चार गिऱ्हाइकं उभी होती. त्या माणसानं फाक हळूच गाडीवर ठेवली आणि हसून म्हणाला, "मावशी, लेक लई शिकली तुमची." तूही हसल्यासारखं केलंस. मग सुरी पदराला पुसलीस, ती स्वच्छ होती तरी परत पुसलीस. दुसऱ्या दिवशी गाडीवर कापलेली फाक नव्हती. त्यानंतर कधीच नव्हती. तू पुढं कितीतरी वर्षं फळं विकलीस, पण ओरडली नाहीस. शेजारचा पेरूवाला मला विचारायचा, आईचा घसा बिघडलाय का म्हणून.

आणि मी काय केलं? मी मनात म्हणाले, बरं झालं. चुकीचं बोलणं थांबलं. खरंतर माझं म्हणणं चूक नव्हतंच, आज तोच माणूस समोर आला तरी मी त्याला सांगेन, आधी बायकोला गोळ्या सुरू करा. पण सांगायचं कसं, कुणापुढं, याचं पुस्तक आम्हाला लावलेलं नव्हतं. त्याच सुट्टीत एका दुपारी मी अभ्यासाला बसले होते आणि तू तांदूळ निवडत होतीस. मग मान वर न करता विचारलंस, "मंग त्यात असतंय तरी काय?" मी वहीतून डोकं न काढता म्हणाले, "काही विशेष नाही." तू "बरं" म्हणालीस आणि सूप घेऊन आत गेलीस.

आता ऐक. दोन महिन्यांपूर्वी पोरीचा फोन आला. "आई, रक्त आठच्या घरात आलंय. डॉक्टर म्हणाल्या, असंच राहिलं तर बाळंतपणाला धोका. वाढलं नाही तर भरती करून सुई लावावी लागेल." रोज मी दुसऱ्यांच्या पोरींना रक्त वाढवायला शिकवते आणि माझीच पोर आठावर! गोळ्या घेतेस ना, विचारलं. पहिल्यांदा हो म्हणाली. मग रडायला लागली. गोळ्यांनी तिचं पोट असं काही घट्ट झालं होतं की चार चार दिवस होत नव्हतं, आणि लाज वाटून तिनं ते मलाही सांगितलं नव्हतं. गोळ्या उशीखाली जमवत होती. "आणि सासूबाई म्हणतात, गोळ्या गरम पडतात, सोडून दे, त्यापरीस सफरचंद खा. रोज चार कापतात गं. सगळी साल काढतात आणि काळं पडल्याशिवाय खाऊ देत नाहीत. म्हणतात, लोखंड वर येऊ दे." आई, हसू की रडू तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी केडगावला गेले. रिक्षात बसून सगळं पाठ केलं होतं, अगदी आहाराचा तक्ताही पिशवीत घेतला होता. पण मी मुलीकडची. विहीणबाईंना त्यांच्याच स्वयंपाकघरात, सुनेसमोर शिकवायचं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. त्या मूळच्या पाथर्डीकडच्या, बोलायला फटकळ, मनानं सरळ. मी गेले तेव्हा त्या पाटावर बसून सफरचंद सोलत होत्या. सालीचं परडं भरलेलं, ते शेजारच्या शेळीला जायचं. त्या शेळीचं पोट साऱ्या केडगावात सगळ्यात साफ असणार. फोडी ताटलीत पसरून त्यांनी खिडकीत ठेवल्या आणि मला म्हणाल्या, "बसा ताई. थोडं लोखंड वर येऊ द्या, मंग पोरीला देते."

तुझेच शब्द. चूकही तुझीच. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, तेच ते, 'लोखंड नसतं', पण माझी पोर दारात उभी होती, पोटावर हात ठेवून, माझ्याकडं बघत, आणि मला तुझ्या हातातली सुरी दिसली. मी वाक्य गिळलं. म्हटलं, "विहीणबाई, तुमच्या वेळी तुम्ही काय खाल्लं हो?" त्या हसल्या. "आमी? आमी ऊसतोडीला हुतो. तुमच्या जावयाच्या येळंला पाचटाच्या कोपीतच बाळंत झाले. दिस भरले तरी मोळ्या उचलत हुते. सफरचंद म्हंजी सायबाच्या बायकूनं खायचं. रस्त्यानं फळाची गाडी दिसायची, पन मागायची हिंमत न्हाई झाली. तवाच ठरीवलं, माझी सून आली की तिला पेटीनं आनीन." आणि त्यांनी खरंच कॉटखालून पेटी ओढून दाखवली. आता पुठ्ठ्याची असते गं, वास नसतो. माझ्या पिशवीतला तक्ता मी बाहेर काढलाच नाही.

म्हटलं, "सफरचंद बंद करू नका. उलट त्याचं मोठं काम आहे." त्यांचे डोळे चमकले. मग मी सांगितलं की पोरीच्या गोळीत लोखंड आहे, पण गोळीनं पोट अडकतं म्हणून ती गोळी घेतच नाही. उशीखालचं मी बोलून टाकलं. पोरगी लाल झाली, विहीणबाई तिच्याकडं बघतच राहिल्या. "सफरचंदात चोथा असतो, आणि तो सालीत जास्त. सालीसकट खाल्लं, वर भरपूर पाणी प्यालं, की पोट मोकळं होतं. पोट मोकळं झालं की गोळी सोसते. गोळी सोसली की रक्त वाढतं." विहीणबाई मांडीवर थाप मारून म्हणाल्या, "म्हंजी गोळी ऊस, अन् सफरचंद गाडी! गाडीबिगर ऊस कारखान्यावर जातोय व्हय?" आई, वीस वर्षं मी हे शिकवतेय, इतकं नेटकं मला एकदाही सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तेच पेशंटना सांगायला लागले.

मग त्यांचं लक्ष खिडकीतल्या ताटलीकडं गेलं. "मंग हे काळं कशापायी पडतंय?" मी म्हटलं, "वांगं चिरून ठेवलं की काय होतं?" "काळं पडतंय. म्हनून तर पान्यात टाकतो." "बटाटा?" "त्यो बी." त्यांनी ताटली उचलून नाकाशी नेली, मग दोन फोडी स्वतःच खाल्ल्या. "लई वातड लागतंय ओ हे. अन् मी पोरीला ह्येच चारतीया महिनाभर!" आणि खदाखदा हसल्या. पोरगी हसली, मीही हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. विहीणबाईंना वाटलं, मला पोरीची काळजी लागलीय. ती होतीच.

त्यानंतर केडगावच्या घरात काय थाट चालला, विचारू नकोस. सकाळी विहीणबाई सफरचंद कोमट पाण्यात चोळचोळून धुतात, वरचं मेण जाईपर्यंत. सालीसकट फोडी करून लगेच हातात देतात. गोळी चहाबरोबर नाही, लिंबूपाण्याबरोबर. जेवणात बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, शेवग्याचा पाला, वर लिंबू. आणि रोज मला फोन, पोरीच्या पोटाचा सगळा अहवाल, मोठ्या आवाजात, कधी बाजारात उभं राहून. पोरीला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आठव्या दिवशी फोनवर नुसती आरोळी आली: "ताई, झालं!" मी वॉर्डात होते. सिस्टरनं विचारलं, बाळ झालं का? म्हटलं, नाही, पोट साफ झालं. शेळीला मात्र आता साल मिळत नाही, ती रोज कुंपणाशी येऊन ओरडते म्हणे.

तू विचारलं होतंस ना, त्यात असतंय तरी काय? बस इथं, सांगते. त्यात पाणी असतं, गोडी असते आणि चोथा असतो. तो चोथा दोन जातींचा. एक पोटात जाऊन पाणी धरतो, खिरीसारखा दाट होतो; दुसरा विरघळत नाही, मळ पुढं ढकलतो. म्हणून ज्याला बद्धकोष्ठ आहे त्यालाही सफरचंद चालतं आणि ज्याला जुलाब होताहेत त्यालाही शिजवून, मऊ करून देतात. दोघांना एकच फळ, बघ तरी! तो दाट होणारा चोथाच गोडीला एकदम रक्तात उतरू देत नाही, म्हणून साखरेच्या पेशंटलाही मी एक सफरचंद सांगते, पण चावून खायचं. रस काढून प्यायला की सगळा फायदा गाळणीत राहतो. दोन जेवणांच्या मध्ये खाल्लं की भूक दमानं घेते, बिस्किटाच्या पुड्याकडं हात जात नाही. रोज खाणाऱ्याच्या रक्तातली वाईट चरबी थोडी उतरायलाही त्याची मदत होते. सालीत आणखी काही बारीक द्रव्यं असतात, शरीराची झीज सावरणारी, ज्यांच्यावर अजून अभ्यास चाललाय आणि मी ते वाचताना रात्रीचं जेवण विसरते. दात बळकट, हे मात्र नाही गं. खाऊन चूळ भरायची. झोपेचंही मला कुठं सापडलं नाही. पण पोट साफ? शंभर टक्के! तू ते रोज ओरडत होतीस, आणि मी त्या ओरडण्यातलं एकच वाक्य पकडून बसले, नेमकं चुकीचं.

आज रिपोर्ट घेऊन आम्ही तिघी डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्या तरुण आहेत, मला ओळखतात, माझं बोलणं ऐकून त्यांनी कधी कधी औषधही बदललंय. कागद बघून खूश झाल्या. "अरे वा! कशानं वाढलं इतकं?" मी तोंड उघडायच्या आत विहीणबाई पुढं झाल्या, पदर खोचून, सगळ्या बाकावरच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सफरचंदानं!" डॉक्टरीणबाईंनी हसून माझ्याकडं बघितलं. आता ह्या बाई नीट समजावून सांगतील, असं ते बघणं होतं. गोळी, चोथा, लिंबू, पाला, सगळं माझ्या जिभेवर होतं. चार बायका माझ्याकडं बघत होत्या आणि विहीणबाईसुद्धा, जरा अंग चोरून. मी म्हणाले, "हो. सफरचंदानंच." विहीणबाईंचा चेहरा असा काही फुलला, आई! मग बाकावरच्या पोरींशेजारी बसून मी हळूच बाकीचं सांगितलं, गोळीचं आधी. ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. बाहेर आल्यावर विहीणबाई माझा हात धरून रस्ता ओलांडत होत्या आणि गाडीवाल्याला ओरडून पेटीचा भाव विचारत होत्या. मला इतकं मोकळं कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

तर एवढंच. हे कागद मी कपाटात साड्यांखाली ठेवीन, दुसरं काय करणार. फक्त एक राहिलं. तू तांदूळ निवडताना विचारलंस, तेव्हा मी 'काही विशेष नाही' म्हणाले, ते तुला कमी लेखून म्हणाले असं तू धरून चालली असशील. तसं नव्हतं. पुस्तकातलं ते एकच पान मी वाचलं होतं, आई. सफरचंदात काय असतं, हे मला माहीतच नव्हतं.